मशीनने ओळखलेली मुलगी

प्रेमळ पण फटकळ अशा माझ्या आत्याला लुतायाचा वाकून नमस्कार.

रात्र कशी गेली? गुडघा कसा आहे? दुकान ठीक? मांजर ठीक? सरोवर शांत आहे ना? (एवढं विचारल्याशिवाय पुढचं वाचणार नाहीस, हे मला माहीत आहे.) पत्राला उशीर झाला, हे आधीच कबूल करून टाकतो. लिहायला बसलो की काहीतरी आडवं यायचं. कधी शाई नाही, कधी पाऊस, कधी मीच नाही. एकदा तर ‘प्रिय आत्या’ एवढं लिहून त्या कागदात शेंगदाणे बांधले आणि एका ट्रकवाल्याबरोबर थेट सीमेपर्यंत गेलो. फोन का केला नाही म्हणशील, तर तुझ्या फोनची मला धास्ती आहे. तू तो कानाला लावत नाहीस, मोठ्याने बोलायचं बटण दाबून माशांच्या तराजूवर ठेवतेस, आणि माझी सगळी दुःखं धक्क्यावरचे कोळी जाळी विणता विणता ऐकतात. मागच्या वेळी मी खोकलो, तर तिकडून कुणीतरी ‘आलं घे रे पोरा’ म्हणालं होतं.

तर आत्या, बसली असशील तर बसूनच राहा. मी शाळेत आहे. हसू नकोस. ज्या मुलाला शाळेत पाठवायला तू ओल्या फोकेचा प्रसाद दिलास, तो आपल्या पायांनी शाळेत आला आहे, आणि तेही मुलींच्या, वसतिगृहाच्या शाळेत. शिकायला नाही, कामाला. मसाका गावातल्या एका टपरीवर काही दिवस मी फोनच्या काचा बदलत होतो (बऱ्याचशा बदलताना फुटल्या, पण ते असो). तेवढ्यावरून इथल्या मुख्याध्यापिका नाम्बोझे बाईंनी मला ‘यंत्रविभाग’ म्हणून ठेवून घेतलं. या विभागात मी आहे, एक फडकं आहे आणि एक शिडी आहे.

शाळा सध्या नवी होते आहे. झाडाला टांगलेली लोखंडी चकती काढून भोंगा बसवला. तो वीज गेली की गप्प बसतो आणि आली की मागे राहिलेले सगळे तास एकदम वाजवतो, मग मुली प्रार्थना, गणित आणि आंघोळ यांपैकी काय ते आपापल्या आवडीप्रमाणे ठरवतात. (फळ्याच्या जागी आलेल्या पडद्यावर एका पालीने घर केलंय. तिच्याबद्दल निराळं पत्र लिहिण्यासारखं आहे, पण ते नको.) मुख्य गोष्ट भोजनगृहाच्या दारावरची. तिथे चेहरा ओळखणारं मशीन बसवलं आहे. मुलगी समोर उभी राहिली की ते तिला ओळखतं, हिरवा दिवा लावतं, आणि घरी फोनवर संदेश जातो, ‘आपली मुलगी जेवली.’ ओळखलं नाही तर जातो, ‘आपली मुलगी जेवली नाही.’ खाली शाळेचं नाव. मुलीचं नाव नाही. ते मी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “आईबापांना आपली मुलगी कोणती ते मशीनने सांगायचं का रे?” मला ते पटलं. मोठ्या आवाजात सांगितलेलं मला लगेच पटतं.

मशीन बसवायला कंपालाहून टोकदार बुटांचा एक साहेब आला होता. त्याने पालकांकडून मुलींचे फोटो मागवले, स्वच्छ आणि समोरून. पालकांनी हौसेने पाठवले. तुला माहीतच आहे, सुट्टी लागली की पोरी पहिलं काय करतात! दिवसभर कुणाच्या तरी पायाशी बसून बारीक बारीक वेण्या घालून घेतात. त्यात काळा दोरा, निळा दोरा, मणी. त्या थाटात, कानात डूल घालून सगळे फोटो निघाले. आणि शाळा उघडल्या दिवशी फाटकावर नेहमीप्रमाणे न्हावी बसला होता. त्याने नेहमीप्रमाणे एकेकीचं डोकं सपाट केलं. बाई समोर उभ्या, साहेब समोर उभा, मी शिडीवर उभा. कुणाच्याही मनात काही आलं नाही. शाळा म्हटली की मुंडण, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात डोकं असतं हेच आपण विसरतो.

दुपारी मुली रांगेने आल्या. मशीनने पहिलीकडे पाहिलं, लाल दिवा. दुसरी, लाल. बाई म्हणाल्या, “हसून बघ गं.” ती हसली, लालच. स्वयंपाकीणबाई झारा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “त्याला ओळख पटेल तेव्हा पटू दे, मला पोरींची भूक ओळखता येते. चला गं!” मक्याच्या पिठाचा पोशो आणि घेवडा सगळ्यांना मिळाला. उपाशी कुणीच राहिलं नाही. पण संदेश गेले. दुपारी गेले, संध्याकाळी पुन्हा गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकावर गेलो, तर रस्ता दिसेना. मोटारसायकली, टॅक्सी, एक ट्रॅक्टर. भेटीचा रविवार कितीतरी लांब, आणि आया, मावश्या, आज्या केळीच्या पानांत बांधलेले कच्च्या केळ्यांचे मटोके, शेंगदाण्याची आमटी, अख्ख्या कोंबड्या डोक्यावर घेऊन उभ्या. आपला पहारेकरी ओकोट (हा उत्तरेकडचा, सहा फुटी, पण आजीबाईंना भितो) फाटकाला पाठ लावून म्हणत होता, “आई, आज भेटीचा दिवस नाही.” त्यावर एका आजीने विचारलं, “आणि आज उपासाचा आहे का रे मेल्या?” मग त्याने फाटक उघडलं. आत्या, त्या दिवशी अंगणात जी पंगत बसली तशी मी लग्नातही पाहिली नाही. मुली खात होत्या, आया त्यांच्या बोडक्यांवरून हात फिरवत होत्या आणि बाईंना बोल लावत होत्या. बाई मान खाली घालून कोंबडीचा पाय खात होत्या.

आता इथवर हसली असशील तर हसून घे. कारण फणसाच्या झाडाखाली एक मुलगी एकटी बसली होती. नाकिमेरा तिचं नाव. बेटावरची, आई नाही, बाप कोळी. सुट्टीतही तिच्या वेण्या घालायला कुणी नव्हतं, म्हणून फोटोतही तिचं डोकं असंच होतं. सगळ्या शाळेत मशीनने फक्त तिलाच ओळखलं. घरी संदेश गेला, ‘आपली मुलगी जेवली.’ मग कोण कशाला येईल?

दोन दिवसांनी मी मशीनचं तोंड पुसत होतो, तर ती येऊन उभी राहिली. म्हणाली, “दादा, मला पण हरवा ना एकदा.”

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कुठे हरवू?

“यात. त्याला माझं तोंड विसरायला लावा. मग घरून कुणीतरी येईल.”

बाईंनी सगळ्यांचे नवे फोटो काढायचं काम मला दिलं होतं, आणि बजावलं होतं की आणखी एक खोटा संदेश गेला तर मशीन आणि तू एकाच पोत्यातून जाल. मी सगळ्यांचे फोटो नवे घातले. नाकिमेराचा जुना काढला आणि नवा घातला नाही. आता मशीन सगळ्यांना ओळखतं, फक्त तिच्यापुढे लाल होतं. ती रोज मान वर करून तो लाल दिवा बघते, आत जाते, पोटभर जेवते आणि येऊन फणसाखाली फाटकाकडे तोंड करून बसते. आठवडा होऊन गेला. कुणी आलं नाही.

हे काही बरं झालं नाही असं मला आता वाटतं. आधी ती वाट बघत नव्हती, मी तिला वाट बघायला लावलं. मी कुठेकुठे भटकलो आत्या, पण कुठूनही परत आलो की तू आधी ‘जेवलास का?’ विचारायचीस आणि मग मारायचीस. मी ‘हो’ म्हटलं तरी तू ताट वाढायचीसच. मशीनला तेवढं कळत नाही. ते ‘जेवली’ म्हटलं की गप्प बसतं.

बाकी माझी प्रकृती उत्तम, नोकरी पक्की, काळजी नसावी. मांजराला गोंजार.

तुझा,
लुताया

ता. क. – आता खरं काम. नाकिमेराच्या बापाकडे फोन नाही. मी तिला विचारलं, मग शाळेला नंबर कुणाचा दिलास? म्हणाली, “धक्क्यावरच्या दुकानवाल्या आजींचा. सगळे त्यांचाच देतात.” तो नंबर मला पाठ आहे, आत्या. इतके दिवस कुणाची तरी मुलगी जेवल्याचे आणि न जेवल्याचे संदेश तुलाच येताहेत. जाहिराती समजून पुसले असशील. तर सेकिट्टो नावाचा कोळी शोध, त्याचा कान धर आणि पहिल्या फेरीबोटीत बसव. आला तर येताना हात हलवत येऊ नको म्हणावं.

ता. क. दुसरा – नोकरी पक्की असं वर लिहिलंय ते तितकंसं खरं नाही. बाईंना लाल दिवा दिसला. सोमवारी बोलावलंय. तुझी माडी रिकामी आहे ना?

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात फाटकावर आरडाओरडा झाला. ओकोट म्हणतोय, बेटावरून एक बाई आलीय, डोक्यावर भाजलेल्या माशांची टोपली, एका पायाने लंगडतेय आणि आपली मुलगी उपाशी ठेवली म्हणून शाळेचा उद्धार करतेय. त्याने मुलीचं नाव विचारलं, तर म्हणाली, “नाव त्या मशीनला विचार! मला मूल नाही हे अख्ख्या बेटाला माहीत आहे. तुमचं मशीन रोज सांगतंय, आहे म्हणून. आधी जेवत होती, आता जेवत नाही. आता काढ माझी मुलगी बाहेर!”

हा आवाज मी कुठेही ओळखेन. फणसाखालची जागा रिकामी आहे, नाकिमेरा फाटकाकडे पळतेय. पत्र हातातच देतो. पण घाई नाही, आधी तिला वाढ.