अक्कलकोट रोडवरचे टेनिस कोर्ट आणि माझा भाऊ

मी, दानेश्वरी रुद्रप्पा हत्तुरे, वय एकाहत्तर, राहणार सोलापूर, मन ताळ्यावर आणि बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे शाबूत नाहीत. ते टेनिसने कधीच नेले.

१. अक्कलकोट रोडवरचा प्लॉट व त्यावरील मातीचे टेनिस कोर्ट माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. मी महिला एकेरीत राष्ट्रीय विजेती झाले त्या वर्षी एक स्थळ आले. लग्नानंतर रॅकेट बंद, असे मुलाच्या काकांनी सांगितले. अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, नवी पेठेत कापडाचे दुकान. पाहुणे त्यांच्या व्यापारातले. तरी अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं तू सांग की." मी नाही म्हटले. पुढे अप्पांनी हा प्लॉट माझ्या नावे केला.

ही मिळकत मी माझी विद्यार्थिनी वैष्णवी धोंडीराम सुर्वे, मूळ राहणार मोडनिंब, हिला देते. दहावीनंतर तिचे लग्न ठरू लागले, तेव्हा मी मोडनिंबला गेले. तिचे वडील म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं हाय, पर लोक लई बोलत्यात." तिलाच विचारा, असे मी म्हटले. त्यांनी विचारले. वैष्णवी म्हणाली, "मला खेळायचंय." पुढे तिनेही तेच विजेतेपद मिळवले आणि पुण्यातली नोकरी सोडून इथे मुलींना शिकवायला आली. अट एकच : कपडे किंवा बूट नाहीत म्हणून कोणत्याही मुलीला परत पाठवू नये.

२. राहत्या घरात माझा स्वयंपाक करणाऱ्या मथुराबाईंनी हयातभर राहावे, त्यानंतर ते वैष्णवीचे. मी हरून आले की मथुराबाई काही न विचारता कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवत. तेवढे दुसऱ्या कोणाला जमले नाही.

३. प्लॉटवरून माझा भाऊ सिद्धलिंग याने माझ्यावर दावा लावला आणि तो हरला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. न्यायाधीशांसमोर त्याने मला 'घर फोडणारी' म्हटले, ते मी विसरलेले नाही. तरीही माझा विजेतेपदाचा चांदीचा चषक त्यालाच द्यावा. मी जिंकल्याची तार आली तेव्हा त्याने दुकान बंद करून अख्ख्या नवी पेठेत पेढे वाटले होते, हे आईने तिच्या शेवटच्या आजारपणात मला सांगितले. तो स्वतः कधी बोलला नाही.

४. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मला पुरावे. पहिली मूठमाती सिद्धलिंगने द्यावी. निरोप फोनवर न देता वैष्णवीने त्याच्या घरी जाऊन द्यावा. तो आधी नाही म्हणेल आणि मग निघेल. तोवर कोणी घाई करू नये.

या इच्छा अमलात आणण्याचे काम अॅड. संगमेश कोरे यांच्यावर सोपवते.

सही : दानेश्वरी हत्तुरे

दानेश्वरीबाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली. आम्ही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार : १. डॉ. अभिमन्यू गुंड २. श्रीदेवी बिराजदार

सोलापूर, १० फेब्रुवारी २०२५