मेळघाटात कच्चे वांगे

२ नोव्हेंबर, रविवार
पुण्याहून करिश्माचा फोन. पोरगी मे महिन्यात ऑफिसच्या ग्रुपसोबत हिमालयात ट्रेकले चालली. घरचा एक माणूस नेता येते. बाबा की आई, हे ठरवायले तिनं टेस्ट ठेवली. सोळा तारखेले परतवाड्याचा एक ग्रुप मेळघाटातल्या नाल्यानं दिवसभर चालवत नेते, गाइड सोबत असते. पूर्ण चालंल त्याची सीट. दोघंही चाललो तर चिठ्ठी. मी हसलो. सीमा मेथीची जुडी आणायले ऑटोनं जाते. सीट माहीच.

खरं सांगायचं तर हिमालयाचं मले काही पडलं नाई. नोकरी लागल्यापासून पोरगी आईशी घंटाभर बोलते अन् मले फक्त तब्येत विचारते. आठ दिवस सोबत चालली तर बोलंल. मले थेच पाहिजे.

३ नोव्हेंबर, पहाटे
अलार्म वाजला. बंद केला. थंडीत एकदम उठणं हार्टले बरं नसते. उद्यापासून नक्की.

६ नोव्हेंबर
मोर्णा नदीच्या पुलापर्यंत फास्ट वॉक. पुलापाशी कचोरीवाला भेटला. व्यायामानंतर शरीराले काहीतरी द्याच लागते. येताना ऑटो केला, गुडघे ट्रेकसाठी वाचवून राहिलो. सीमा रोज सकाळी गच्चीच्या पायऱ्या चढउतार करून राहिली. तिले म्हटलं, काहून जीव काढून राहिली बावा, सीट तर मलेच भेटणार. म्हणे, मले बरं वाटते.

९ नोव्हेंबर
ट्रेकिंगचे बूट आणले. जबरदस्त! दुकानदार म्हणे, रोज घालून मोकळे करा. नव्या बुटाले आतापासून धूळ काहून लावू? डब्यात ठेवले.

१५ नोव्हेंबर
ग्रुपचा मेसेज: सोबत कोरडा खाऊ आणा. आता बोला! वऱ्हाडातला माणूस जंगलात जाईल अन् चिवडा खाईल? जंगल म्हटलं की गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे अन् वांग्याची भाजी. सगळ्यांले पंगतीत बसवतो, करिश्मा पुण्याहून आलीच हाय सोबत चालायले, तीही पाहील बाप काय चीज हाय. कणीक, वांगे, तुपाची बरणी, गोवऱ्या, सगळं सॅकमध्ये कोंबलं. सीमा म्हणे, नका नेऊ, लोकं हसतील. तिले लीडरशिप समजत नाई.

१६ नोव्हेंबर, सकाळ, गेटवर
गाइड नईम परतवाड्याचा, पोरीच्याच वयाचा. त्यानं सॅक उघडायले लावली. गोवऱ्या पाहून म्हणे, काका, जंगल में आग सख्त मना है, हे जीपमध्येच राहू द्या. मागून कोणी तरी म्हणालं, काकाजीनं चूलच उचलून आणली. करिश्मा आपल्या बुटांकडे पाहत होती. गोवऱ्या देऊन टाकल्या. कणीक अन् वांगे नाई दिले. माणसाले काही तत्त्व असते.

दुपार
नाल्याची घळ मस्त. दोन्हीकडून कडे, वर झाडीच झाडी, खाली निसरडे गोटे. मी मुद्दाम हळू चालून राहिलो, निसर्ग पाहायले आलो, पळायले नाई. नईम घडीघडी विचारते, काका, ठीक ना? मी म्हणतो, पाखरं ऐकून राहिलो. बूट मात्र दोन्ही पायाले चावून राहिले. मंग एका डोहात बसलो. पडलो नाई, बसलो. पाठीवरची कणीक आपोआप भिजली. अरे बाप, काय वजन! सीमा पोरीचे जुने कॅनव्हासचे बूट घालून गोट्यांवरून टणाटण पुढं. दोघी मायलेकी कशाले तरी खदाखदा हसून राहिल्या. काय जोक झाला, मले कोणी सांगितलं नाई.

संध्याकाळ, जीपमध्ये
अर्ध्यात एक पायवाट वर रस्त्याले लागते, थकलेल्यांसाठी. मी तिकडून आलो. थकलो म्हणून नाई. गोवऱ्या बेवारस सोडणं मनाले पटेना. नईमचा जोडीदार प्रीतम वाट दाखवायले सोबत होता. त्याले वांगे देऊ केले. नको म्हणे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सीमा शेवटपर्यंत चालली. सीट तिची. गल्लीत सगळ्यांले सांगितलं की मीच तिच्यासाठी सोडली. आता दोघी बाजारात गेल्या, सीमाले बूट घ्यायले. मलेही चला म्हणत होत्या. पाय बुटात काय, चपलेतही जाईना.

काल एक गोष्ट लिहिली नाई. पायवाटेपाशी करिश्मा म्हणे, बाबा, मी येते तुमच्यासोबत, आई जाईल ग्रुपबरोबर. वर रस्त्यापर्यंत घंटाभराची चाल होती. घंटाभर बोलत आली असती पोरगी. मी काय म्हटलं? मले काय धाड भरली, जा तू. अन् ती पाहत असंल म्हणून वळणापर्यंत छाती काढून चाललो, लंगडलो नाई. वळणावर मागं पाह्यलं.

ती कधीचीच निघून गेली होती.