बारावा ठसा

पुष्पाताई,

पल्ह्याचा दुरूनच पायावर हात. मायले सांग, पोट्टा नागपुरात दोन टाईम जेवते अन् पुढच्या महिन्यात कालेजात त्याच्या चित्रायचं पहिलं प्रदर्शन आहे. तिचा गुडघा कसा आहे?

आता पुढचं मायले वाचून दाखवू नको. फोनवर ती स्पीकर लावते, म्हणून गावाले येणाऱ्या राजकुमारच्या हाती पत्र देऊन राह्यलो.

मागच्या सुट्टीत मी नदीतली रेती चोरणाऱ्या दाजीसाहेबाले लाकडात कोरलं, गधड्यावर उलटं बसवलं. कागदावर बारा ठसे काढले अन् अकरा रातोरात गावात चिकटवले. लोकं पोट धरून हासले. कोणाचं काम, कोणालेच समजलं नसतं. पण कालेजात ठशाखाली पेन्सिलीनं नंबर अन् सही टाकाची सवय लागली ना! एक बटा बारा, दोन बटा बारा, अन् प्रत्येकावर माहंच नाव.

काल दाजीसाहेबाचा माणूस होस्टेलात आला. मले चहा पाजला. माहे बोटं एकेक दाबून पाह्यले.

"हात चांगला आहे बे तुया. अकरा भेटले. बारावा कुठी?"

"फाटला."

तो हासला. "राहू दे. धामणगावले तुह्या घरी जाऊन आमीच पाहतो."

बारावा मायच्या पेटीत आहे. तो जाळू नको ताई, जाळला म्हटलं तर ते मानणार नाईत, घर उचकतीन. मायले आजच बीबी गावाले मामाकडं पाठव. ते आले का तो कागद मुकाट्यानं देऊन टाक.

अन् त्यायले सांग, पोट्टा होस्टेलातच आहे, पळाला नाई. काय करायचं ते तिथी जाऊन करा.

तुहा वांड भाऊ,
पल्ह्या