हिराकस आणि पिवळी पडलेली केळी

नाना, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. जळगावला कॉलेजात तास घेते नि मधेच फोन बघते. आत्ता स्टाफरूममध्ये बसून हे लिहितेय, तेही धड सुचत नाही. आपली एरंडोलची केळी पिवळी पडलीय, नवं पान येतं तेच फिक्कट. धाकटा भाऊ कंटाळला. "आते बस व्हयनं, ताई. रोटाव्हेटर फिरावसू," म्हणतो. तुम्ही चालू केलेली केळी कायमची मोडणार तो!

दुखणं जुनंच. झाडाला लोखंड मिळावं म्हणून तुम्ही हिराकस टाकायचात आणि मी धुळ्याच्या कॉलेजातून सुट्टीला आले की बापलेकीचा वाद व्हायचा. एकदा स्वयंपाकघरात मी वाटीभर पाण्यात हिराकस विरघळवलं आणि तुमच्याच तंबाखूच्या डबीतला चुना त्यात कालवला. पाणी गढूळ हिरवं होतं, मग तांबूस गाळ तळाशी बसतो. मी म्हणते, "आपल्या मातीत असाच चुना आहे, नाना. लोखंडाचा गाळ होतो, मुळाला काही मिळत नाही." तुम्ही भडकता. "लोखंड ते लोखंडच शे ना! अन् खावानी वाटी काबर नासाडी?" दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी वाटी आणून माझ्यापुढे आदळलीत. "हाई तुनी. आते कर काय करनं शे ते."

तेच आता पोरांना शिकवते. धातूच्या अणूत रिकाम्या कक्षा असतात, भोवतीचे रेणू, ज्यांना लिगंड म्हणतात, त्यांत इलेक्ट्रॉनच्या जोड्या देतात. एकाच रेणूनं अनेक बाजूंनी धरलं की झालं चिलेट, खेकड्यानं नांगीत पकडावं तसं. पण पकड कुणाची किती घट्ट, हे जमिनीवर ठरतं. आणि मी शहाणी! फोनवर घाईघाईत धाकट्याला ईडीटीए नावाचं चिलेट सांगून बसले. चुनखडीच्या जमिनीत ते लोखंड सोडून कॅल्शियमलाच चिकटतं, हे दरवर्षी फळ्यावर मीच लिहिते. पान काही हिरवं झालं नाही. मग दुसरं, घट्ट धरणारं, लालसर पावडरीचं पाठवलं. "येवढी खेप, मंग रोटाव्हेटर," म्हणाला, तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

थांबा, फोटो आलाय.

नव्या पानाचा पोंगा उलगडलाय, नाना. हिरवागार! मी ओरडलेच, सगळे बघायला लागले. धाकट्यानं खाली लिहिलंय, "ताई, तूच बरोबर." एवढ्यात मानलं त्यानं. मला रडूच आलं. तुम्ही आज असतात तर म्हणाला असतात, पाऊसपाण्यानं हिरवं झालं असेल, त्यात तुझं काय.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही माझं ऐकावं असं मला कधी वाटलंच नव्हतं. वाद संपू नये, एवढंच वाटायचं.