आमच्या गल्लीत सगळं चेन्नागिदे

२ जून, सोमवार
नात अक्षरा लिहितेय, मी सांगतेय. वॉर्ड ऑफिसातून रम्या नावाची मुलगी आली. मनाच्या आरोग्याचा सर्व्हे म्हणे. झोप लागते का, रडू येतं का. आमच्या हेब्बाळच्या गल्लीत सगळ्यांच्या वतीनं थोरली बाई बोलते. म्हणजे मी, गोजराबाई. बावीस दारांत मीच कानडीत उत्तर दिलं: चेन्नागिदे, सगळं छान! पोरीला चिरोटी खाऊ घातली. गल्लीचं नाव राखलं.

९ जून, सोमवार
निकाल लागला. आमच्याकडे दुःखी माणसं शून्य. वॉर्डाला समुपदेशनाची एकच खोली मंजूर. ती गेली समोरच्या अपार्टमेंटच्या क्लबहाऊसात, स्विमिंग पूलशेजारी. तिथं चाळीस दुःखी निघाले. दारात दोन-दोन गाड्या असून! आम्हाला वॉचमन गेटातून आत सोडत नाही.
अक्षरा चिडली. म्हणाली, आईसाठी हवी होती ती खोली. आई म्हणजे माझी सून वासंती. गारमेंट फॅक्टरी बंद झाल्यापासून कापड न लावताच शिलाई मशीन चालवत बसते. त्यात काय? पायांना व्यायाम. अक्षरा, हे लिहू नकोस.

११ जून, बुधवार
गल्लीतल्या फत्तेसिंगच्या रिक्षातून वॉर्ड ऑफिस गाठलं. भांडले. साहेब म्हणाले, शुक्रवारी फेरसर्व्हे. दहा दुःखी दाखवा, तुमच्याही गल्लीत खोली देऊ, आठवड्यातून एकदा समुपदेशनाची बाई पाठवू. दहाच ना? सरी, ठीक. मी वीस देते.

१२ जून, संध्याकाळ
मारुतीच्या कट्ट्यावर तालीम. कुणाला दुःखी होताच येईना, नुसते फिदीफिदी हसतात. फत्तेसिंगला म्हटलं, गेलेल्या बायकोची आठवण काढ, स्वल्प डोळे पूस. तो रडायला लागला तो थांबेचना. म्हटलं, अरे पुरे, उद्याला ठेव. मग शेजारचे पुरुषोत्तमअण्णा सुरू झाले. मग चौघीजणी. मी पाणी वाटत फिरले. तालीम फारच चांगली झाली. उद्या खोली आपली.

१३ जून, शुक्रवार
दहा जण माझ्या ओसरीवर तोंडं पाडून बसले. रम्या आली. आता दारात आलेल्या माणसाच्या ताटात दुःख वाढायचं? चिरोटी पुढे केली. तिनं विचारलं, अज्जी, कसं आहे सगळं? तोंड आपोआप उघडलं: चेन्नागिदे! थोरलीच्या पुढे कोण बोलणार? दहाही जण चेन्नागिदे. फत्तेसिंग तर सुजलेल्या डोळ्यांनी.
तेवढ्यात आतलं मशीन थांबलं. वासंती बाहेर आली. म्हणाली, मला तीन महिने झोप नाही, लिहा मॅडम.
एक. हवे होते दहा. खोली नाही. रम्यानं सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. मंगळवारी, दोन बस बदलून.
पाहुणीसमोर असं बोलतात? वासंतीशी बोलणं बंद. कायमचं.

१७ जून, मंगळवार
वासंतीला बस कळत नाही, म्हणून मी गेले. रांग तीन तास. ती आत वीस मिनिटं. बाहेर येऊन म्हणाली, भूक लागलीय. किती दिवसांनी म्हणाली!
मग डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. कशा आहात? म्हटलं, चेन्नागिदे. त्या काही बोलल्याच नाहीत. नुसत्या बघत बसल्या. समोरचं माणूस गप्प बसलेलं मला चालत नाही. म्हणून स्वल्प बोलले. पाऊण तास. कागदावर अंगठा उठवून आले.
घरी अक्षरानं कागद वाचला. म्हणे, पेशंटच्या रकान्यात माझंही नाव आहे. चूक झाली असणार त्यांची. पुढच्या मंगळवारी जाऊन दुरुस्त करून घेते.
रुमाल दोन न्यायचे. दोन्ही वासंतीसाठी.