गुंड्याचे सुरे

ता. ६ जून

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. दोन खोल्यांचं घर, कुजबुजलं तरी तुझ्या भावाला ऐकू जातं.

गुंड्याच्या मानेचा पट्टा निघाला. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं. पोरगा मात्र जुळलेला नाही. त्या गल्लीत दोघांनी मागून गळा धरून त्याला लोळवलं, एवढं तुला माहीत आहे. पुढचं त्याने मला परवा सांगितलं. चार वर्षं दर महिन्याला तो त्याच गल्लीत विजेचे मीटर बघायला जातो. घराघरातली माणसं ओळखतात, पाणी विचारतात. तो एकेकाचं नाव घेऊन ओरडत होता. एकही दार उघडलं नाही. एका खिडकीतला दिवा तेवढा बंद झाला.

तेव्हापासून त्याने सुरे जमवायला घेतलेत. पोपटाच्या चोचीसारखं वाकडं पातं आणि मुठीच्या टोकाला बोट अडकवायचं कडं. पहिला आला तेव्हा बाबा म्हणाले, लोक तिकिटं जमवतात, हा सुरे जमवतो, जमवू दे. आता कपाटाचा अख्खा कप्पा भरलाय. खाली मखमल अंथरली आहे. इतकी धार घरात असून माझी भाजीची सुरी मात्र बोथटच.

पण तो नुसते जमवत नाही गं. एक कमरेला, एक मोज्यात, असा कामावर जातो.

बाबा एका न्हाव्याच्या दुकानाची पाटी रंगवताहेत. चित्रातल्या माणसाला काढलेली मिशी हुबेहूब आपल्या घरमालकाची झाली आहे. पाकिटावरचा पत्ता नेहमीसारखा त्यांच्याच अक्षरात. पिल्लूला पापा. सवड काढून चार ओळी टाक.

तुझी आई


ता. १३ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

नखं कापायची म्हटलं की पलंगाखाली दडी मारणारा आपला गुंड्या आणि सुरे! वाचून आधी हसू आलं. मग दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हाडाला जसा पट्टा लागतो तसा भीतीलाही इलाज लागतो. त्याला मनाच्या डॉक्टरकडे न्या, पण सुरे हिसकावून घेऊ नका. आमच्या घरचे म्हणतात, असा सुरा अंगावर सापडला तर पोलीस त्याला आधी आत टाकतील आणि मग कारण विचारतील. हे त्याला माझं नाव न सांगता सांग. माझं नाव निघालं की तो ऐकतच नाही, लहानपणापासून.

पिल्लू मामा कधी येणार म्हणून विचारते. बाबांना सांग, घरमालकाला ती पाटी दाखवू नका, भाडं वाढेल.

तुमच्या सगळ्यांच्या काळजीत,
ताई


ता. २ जुलै

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

गुंड्याची नोकरी गेल्यातच जमा आहे. एका घरी तो मीटर बघायला वाकला, शर्ट वर सरकला आणि मालकिणीला कमरेची मूठ दिसली. तिने मुलाला आत ओढलं आणि कचेरीत फोन लावला. साहेब भला माणूस. त्याला समोर बसवून म्हणाले, काही दिवस विश्रांती घे. म्हणजे काय ते आपल्याला कळतंच. मी कुणाच्या केसालाही धक्का लावणार नाही, असं याने त्यांना तीनतीनदा सांगितलं. पण सुरा काढून ठेवतो असं एकदाही म्हणाला नाही.

तुझ्या बाईंचं ऐकून डॉक्टरकडेही नेलं. तिथे याने खुर्ची आधी भिंतीला टेकवली, मग बसला. डॉक्टर चांगले वाटले म्हणाला. पुन्हा चल म्हटलं की कूस बदलतो.

बाबा बरे आहेत. कामात आहेत. जास्त लिहीत नाही.

आई


ता. ९ जुलै

ती. आईस,
सा. न.

पाकिटावरचा पत्ता तुझ्या अक्षरात आहे. मला सासरी येऊन सहा वर्षं झाली, बाबांनी हा मान कुणाला दिलेला नाही. काल फोन केला तर दोन शब्द बोलून त्यांनी तो तुझ्याकडे दिला. काय झालंय ते सरळ लिही. नाहीतर मी निघून येते.

ताई


ता. १५ जुलै

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

लपवणार नव्हते, फक्त लिहायला हात धजत नव्हता.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दोनच दिवस आधीची, भरदुपारची गोष्ट. गुंड्या छत्री विसरून जिना उतरत होता. बाबा ती घेऊन मागोमाग गेले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता हात. हा वळला तो सुरा घेऊनच. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. आतल्या शिरा शिवल्या आहेत, पण ब्रश धरता येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. ते नुसतं बघू म्हणतात.

इस्पितळात बाबांनी सांगितलं की पाटीचा पुठ्ठा कापताना पातं सटकलं. गुंड्या शेजारी उभा होता, त्याने सगळ्यांदेखत खरं सांगितलं. बाबा त्याच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, आणि तेही त्याला वाचवायला. बापाने तक्रारच केली नाही, म्हणून प्रकरण तिथेच मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळे सुरे एका पिशवीत भरले आणि पोलीस चौकीत नेऊन दिले. तिथल्या माणसाने विचारलं, एवढे कशाला लागत होते? मागून कुणी येऊ नये म्हणून, असं हा म्हणाला.

तू त्याला तुझ्याकडे बोलाव. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

आई


ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मागची खोली रिकामी केलीस, भाऊजींनी माझ्यासाठी कामही बघून ठेवलं. आईने सांगितलं असणार, पण त्याचा राग नाही.

सुरे गेले म्हणजे मी बरा झालो असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. काल मी जेवत होतो, आईने मागून येऊन पाण्याचा पेला ठेवला. माझा हात कमरेकडे गेला. तिथे काही नव्हतं, तरी गेला. आईने पाहिलं, आणि भाजी वाढू का म्हणून विचारलं.

न्हाव्याची पाटी दुसऱ्या रंगाऱ्याने पुरी केली. बाबा डाव्या हाताने अक्षरं गिरवतात आणि कागद पलंगाखाली सारतात. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आता या खोलीत यायचं असलं की ते स्वयंपाकघरातूनच हाक देतात, "गुंड्या, मी येतोय हं." मी हो म्हणेपर्यंत थांबतात. स्वतःच्या घरात.

मी येणार नाही, ताई. गेल्या खेपेला पिल्लू दिवसभर मागून धावत येऊन माझ्या गळ्यात पडत होती. तिला ते करू नको म्हणून कसं सांगणार? आणि सांगितलं तरी एखाद्या वेळी ती विसरेलच. मी विसरत नाही.

तिला सांग, मामा कामात आहे.

लोभ असू दे, पण तिथूनच.

गुंड्या