खरवडलेली झाडं

९ जानेवारी

पोचलो एकदाचा कोसमटोल्याला. आलापल्लीपर्यंत बस, पुढे सुनील सरांच्या मोटारसायकलवर मागे, मांडीवर हवेचं यंत्र आणि त्याची वायर माझ्या गळ्यात. रस्ताभर सागाची वाळलेली पानं टायरखाली पापडासारखी मोडत होती. मी म्हटलं सर, नुसता हा आवाज ऐकायलाही मी आलो असतो. सर म्हणाले, तोंड मिट, माशी जाईल.

काम सोपं आहे. अभयारण्याच्या हद्दीला लागून एक कंपनी लोखंडाचा कारखाना टाकणार. परवानगी मिळायच्या आधी सांगावं लागतं की आज इथली हवा कशी आहे, आणि चिमणी पेटल्यावर जंगलाला काय होईल. हे शोधायचं काम चंद्रपूरच्या एका लॅबला मिळालं. सर तिथे नोकरीला, मी त्यांचा फील्डवाला. यंत्र हवा ओढतं, मी त्यातला पांढरा कागद बदलायचा. शिवाय नाल्याकाठच्या झाडीत काही झाडांवर चुन्याने आकडे टाकलेत, त्यांच्या खोडांवरच्या दगडफुलाचे फोटो काढायचे.

दगडफूल म्हणजे मटणाच्या मसाल्यात टाकतो तेच. मला इतके दिवस वाटायचं ते दगडाला येतं. सर म्हणाले झाडालाही येतं, मुळं नसतात, नुसत्या हवेवर जगतं. म्हणून धूर आला की सगळ्यात आधी मरतं. बाकी जंगल मागून.

राहायला सुकलूभाऊ आणि मंगलीबाईचं घर. अंगण इतकं स्वच्छ सारवलेलं की चप्पल हातात घेऊन चाललो, तर दोघं हसली.

सोळा फेब्रुवारीला चंद्रपूरला माझ्या बहिणीचं, रीताचं लग्न. बारावी नापास झाल्यापासून मी धाबा, मोबाइलचं दुकान, डीजेची गाडी, कुठेच टिकलो नाही आणि घरच्या एकाही कार्याला वेळेवर पोचलो नाही. या वेळी पोचणार. नवरदेवाचा कान पिळायचा मान भावाचा. रीता म्हणाली, असा पीळ दादा, का त्याले जन्मभर याद राह्यली पायजे. ही डायरी तिनेच दिली. खताच्या दुकानातली आहे, प्रत्येक पानावर युरियाची गोणी.

१२ जानेवारी

आज झाडी नीट पाहिली. बाहेर सगळं जंगल कोरडं, आणि हिच्यात शिरलं की गार, ओलसर. खोडं दिसतच नाहीत, सगळी राखाडी-हिरव्या झालरी घालून उभी. सर म्हणतात या कोरड्या पट्ट्यात इतकं दगडफूल खरं तर सापडत नाही.

एक गंमत. गावचे लोक या झाडीतून जाताना थांबतच नाहीत. बोलायचं असलं तरी जागच्या जागी पाय उचलत राहतात. मला वाटलं मुंग्या चावताहेत. मंगलीबाईला विचारलं, काऊन नाचून राह्यली बाई. ती म्हणाली, थे जागा आमच्या देवाची हाय. तिथी उभं राहाचं नाई, टेकाचं नाई, झाडाले लोखंड लावाचं नाई. मग माझ्याकडे बघून हसली. म्हणे, तुले कायचं भेव? तुह्या बुडाले कुठी चैन हाय.

खरं आहे. तरी दुपारी डबा खायला टेकलोच. मधोमध एक वठलेलं खोड आहे, माणसाच्या खांद्याइतकं, वरून झालर लपेटलेलं. टेकायला मऊ. बाजूला आखूड फांदी, तिला पाण्याची बाटली अडकवली. त्याच्या शेजारच्या झाडावर मात्र वीतभर पट्टा उघडा दिसला, कोणीतरी खरवडल्यासारखा.

माझ्या आधी इथे लोकेश नावाचा फील्डवाला होता. सर म्हणतात पळाला, फील्डवाले पळतातच. पण खोलीत त्याचा चार्जर भिंतीला तसाच लावलेला आहे. माणूस चप्पल विसरेल, चार्जर विसरेल का?

१९ जानेवारी

फोटो काढायला निघालो आणि कोंबड्यांच्या झुंजी लागतात त्या कोंबडबाजारात पोचलो. सुकलूभाऊचा लाल कोंबडा हरला. भाऊ वाटभर त्याला समजावत होता, जसा काही तो परीक्षेत नापास झालाय. परत येताना एक मोठा धनेश पक्षी डोक्यावरून गेला, पंखांचा आवाज जुन्या पंख्यासारखा. यंत्रातला कागद काढला तर गेल्या खेपेइतकाच पांढरा. चंद्रपूरला माझा शर्ट एवढा पांढरा राहत नाही.

२४ जानेवारी

सर आले. मूड खराब. पुढच्या महिन्यात पाहणीला समिती येणार आहे. दगडफूल दिसलं तर चिमणीला कडक अटी लागतील, कदाचित कारखानाच इथून हलवावा लागेल. कंपनीने लॅबवर जोर लावला, लॅबने सरांवर, सरांनी माझ्यावर. आकडे घातलेली झाडं खरवडून साफ करायची. मग अहवालात लिहिता येईल की या भागात असं नाजूक काही नाहीच. फोटो सर उडवणार.

मी म्हटलं हे बरोबर नाही वाटत. सर म्हणाले, अरे एक पान तोडायचं नाही, नुसतं खोड पुसायचं. लोकेशलाही सांगितलं होतं, त्याने एका झाडाला हात लावला आणि गायब. तू संपव आणि लग्नाला निघ, चार दिवस आधी गेलास तरी चालेल.

लोखंडी खरवडणी ठेवून गेले. मी विचार केला, झाडाला काय कळतं. आणि लग्न तर आहेच.

२८ जानेवारी

खरवडतोय. ओलं असताना झालर सहज निघते, खाली साल फिकट, सोललेल्या गुडघ्यासारखी. दिवसभर एका झाडाला चिकटून उभं राहावं लागतं. पोतं भरत आलं. चंद्रपूरच्या मसालेवाल्याला देईन.

मूठभर घेऊन कोंबडीचा रस्सा केला. वास असा की लाळ सुटावी. सुकलूभाऊने भांडं उचलून अंगणाबाहेर ठेवलं. मंगलीबाई पोत्याकडे बघून म्हणाली, झाडाचं अंग सोललं तुनं. आता त्याले अंग पायजे. मी म्हटलं बाई, झाडाला एवढी लाज असते का. हसली नाही.

मी एकट्यानेच खाल्ला. चांगला झाला होता.

१ फेब्रुवारी

घड्याळाच्या पट्ट्याखाली गजकर्ण झालंय. रुपयाएवढं, राखाडी, कडा किंचित उचललेल्या. आलापल्लीच्या मेडिकलमधून मलम आणलं. मेडिकलवाल्याने विचारलं खाजतं का. खाजत नाही. उलट तिथे गार वाटतं, पहाटे गवतावर हात ठेवावा तसं.

पाठीवरही आहे म्हणतो सुकलूभाऊ.

४ फेब्रुवारी

आज एक विचित्र झालं. सकाळी पायरीवर बसलो, बूट घालायला. मंगलीबाईने खांदा हलवला तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. एक बूट पायात, दुसरा हातात. ती म्हणाली तीनदा हाका मारल्या. मला एकही ऐकू आली नाही.

झोपलो नव्हतो. डोळे उघडे होते. समोर कोंबड्या माती उकरत होत्या आणि त्या बघणं पुरेसं होतं. मला आयुष्यात कधी काही पुरेसं वाटलं नाही, म्हणून लिहून ठेवतो. भीती वाटायला पाहिजे होती. बरं वाटलं.

मंगलीबाई म्हणाली, आता बसू नोको बाबू. हिंडत राय.

६ फेब्रुवारी

झाडी जवळपास साफ. फक्त ते मधलं खोड उरलं, टेकायचं. त्यावर आकडा नाही, पण सर म्हणाले होते काहीच दिसायला नको.

भर दुपार. खरवडणी लावली तर खरखर आवाज आला नाही. आत गेली, मऊ. झालरीखालून पांढरी वायर आली. ओढली. इयरफोनची. ओढत गेलो, ती वर गेली, खोडाच्या टोकाकडे, आणि जिथे अडकली तिथे मी झालर बाजूला केली.

कान आहे.

ज्या फांदीला मी रोज बाटली अडकवायचो तिला कोपर आहे. खरवडलं तिथे ओल आली. पाण्यासारखी नाही. आणि त्याची छाती, इतकी हळू, की मला कितीतरी वेळ बघत राहावं लागलं, ती वर आली. मग खाली.

लोकेश म्हटलं. दोनदा म्हटलं.

पळालो. खरवडणी तिथेच पडली.

७ फेब्रुवारी

मंगलीबाईला सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, आमाले वाटलं पोरगा घरी गेला.

मानेपर्यंत आलंय. रीताकडे जातो. आजच.

८ फेब्रुवारी

परत आलो. लिहायला वेळ लागतोय, बोटं जड आहेत.

सुकलूभाऊने आलापल्लीला सोडलं. स्टँडवर ट्रकांचा धूर. बस लागली तिथे सायलेन्सरपाशी उभा होतो तर मनगट चरचरलं. पाहिलं, कडा काळ्या पडून वाळताहेत. मला इतका आनंद झाला. धुराने मरतं ना हे. सर म्हणाले होते, सगळ्यात आधी. मनगट धुरात धरलं. खपली सुटली आणि तिच्याबरोबर माझं कातडं आलं, आणि खाली रक्त नव्हतं, फिकट साल होती.

तरी बसमध्ये बसलो. चंद्रपूरचा धूर आला की सगळं जाईल, कातडं गेलं तर गेलं. पण पुढे रस्त्यावर खनिजाचे ट्रक, धूळ, आणि श्वास आत जाईना. नाकाने नाही, छातीने नाही. मला कळलं मी कशाने श्वास घेतोय. सगळ्या अंगाने. कंडक्टरने उतरवून दिलं, म्हणाला दमेकरी असशील तर दवाखान्यात जा. दवाखाना त्याच रस्त्यावर पुढे.

जंगलाकडे वळलो तेव्हा श्वास आला.

१० फेब्रुवारी

मंगलीबाईने चूल बंद ठेवली माझ्यासाठी. शेजारी रांधते. दोघं मला धरून अंगणात फिरवतात, दारुड्याला फिरवावं तसं. सुकलूभाऊ म्हणतो चाल बे, हरलेल्या कोंबड्यासारखा नोको करू. मी हसलो असं मला वाटलं. त्याने चेहरा वळवला.

सहा दिवस आहेत. अंगठा आणि पहिलं बोट जुळलं पाहिजे. कान पिळायला तेवढंच लागतं. सराव करतो. जुळतात, पण उघडायला —

११ फेब्रुवारी

शेजारी कोणाची तरी शेकोटी. धूर आला. ओरडता आलं नाही. पाय आपले आपण निघाले.

झाडीत आहे. इथे हवा गोड आहे. लोकेशशेजारी. उभा नाही राहणार, पाय हलवत — हलवतोय.

डायरी मांडीवर. म्हणजे बसलोय. कधी बसलो —

नंतर

मंगलीबाई आली. ओढलं. रडली. लोक आता फार भरभर चालतात, बोललेलं कळत नाही. एक शब्द लिहीपर्यंत सावली या झाडावरून त्या झाडावर जाते.

डावा हात बाजूला राहिला. वाकत नाही.

नंतर

सर आले. साफ झाडं पाहून खूश. मला हाका मारल्या, हेमराज, हेमराज, चारी बाजूंना, मग शिवी. पळाला म्हणाले. फील्डवाले पळतातच.

माझ्या हाताला बाटली अडकवली. माझ्याकडे बघून म्हणाले, दोन खोडं राहिलीच की. खरवडणी पानांतून उचलली, धार बघितली. उद्या समितीच्या आधी —

बाटली इथेच विसरले.

तारीख नाही

अंगावर पिवळं फुटलंय. हळदीचा दिवस असेल.

रीता, अंगठा आणि बोट जुळलंय. पेन्सिल त्यातच आहे, म्हणून लिहितोय. कान समोर असता तर —

पावलं. सरांची. आधी लोकेशकडे. खरवडणीचा आवाज मऊ आहे. लोकेश ओरडतोय, फक्त मलाच —

आता इकडे. सर, हात हलवतोय मी, बघा, हलतोय, जरा थांबा, थोडं थांबलात तर दिसेल, फक्त हलू नका, एका जागी उभे —